एमजीबीचे टॅपेट
इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे 1962 ते 1980 या काळात तयार झालेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारचे 1798 सीसीचे इंजिन मूळचे साध्या कौटुंबिक मोटारींसाठी घडवलेल्या बी-सिरीज घराण्यातले होते, आणि याच घराण्यातले 1489 सीसीचे इंजिन अ‍ॅम्बॅसडरमध्ये बसत असल्यामुळे भारतीय मिस्त्रींनाही त्याची रचना परिचयाची होती. व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये इंजिन थंड असताना 0.015 इंच, म्हणजे सुमारे 0.38 मिलिमीटर, फट राखावी लागे; तिलाच आपल्या गॅरेजांत टॅपेट सेटिंग म्हणतात. फट उरली नाही, तर तापून लांबलेली दांडी व्हॉल्व्हला बैठकीवर पूर्ण टेकू देत नाही, बैठकीवाटे उष्णता निघून जात नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. म्हणून किंचित वाजणारे टॅपेट मुक्या टॅपेटपेक्षा केव्हाही बरे.

घरी हे काम शक्य झाले, ते ‘नऊच्या नियमा’मुळे. एका रांगेतील आठ व्हॉल्व्हपैकी आठवा पूर्ण उघडला की पहिल्याची फट जुळवायची, सहावा उघडला की तिसऱ्याची. बेरीज नेहमी नऊ, कारण त्या क्षणी जोडीदार व्हॉल्व्हच्या कॅमची गोल पाठ वर असते. लॉकनट सैल करून, फिलर गेजची पातळ पोलादी पट्टी जराशी ओढ जाणवत सरकेल इतका स्क्रू फिरवला जाई. मात्र नट आवळताना स्क्रूही सोबत फिरत असल्याने पट्टी पुन्हा घालून पाहावी लागे.