जिन्याचा दोर

उजव्या हाताने दोर धरा. बुधवार पेठेतल्या जुन्या वाड्याचा जिना असाच असतो, दोन भिंतींच्या मधून सरळ खाली गेलेला, काळोखी, पायऱ्या उंच आणि पाऊल आडवं टाकावं लागेल इतक्या अरुंद. वरून सोडलेला दोर नसेल तर नवखा माणूस घसरलाच म्हणून समजा. तुम्ही माडीवर राहता. खाली रस्त्याच्या अंगाला दुकान आहे. एका बाजूला बेलबाग, दुसऱ्या बाजूला तुळशीबाग, दोन्ही हाकेच्या अंतरावर. रोज उतरता तसंच आज उतरायचं आहे, फक्त दर खेपेला दिंडीबाहेरचं साल निराळं असेल.

पहिल्या खेपेला 1790.

आधी वास येतो. ओल्या शेणसड्याचा, घोड्यांचा, मग कुठून तरी तळणीतल्या तुपाचा. दुकानदार फळ्या काढतोय. एकेक फळी खाचेतून सरकवून भिंतीला टेकवायची, ओटा झाडायचा, तागडीला हात लावून नमस्कार करायचा. पहिलं गिऱ्हाईक येऊन भवानी होईपर्यंत त्याचं बोलणं बेताचंच. पण त्याआधी त्याचा पोरगा तुमच्या चौकात येतो आणि आडावरून दुकानाची घागर भरून नेतो. विचारत नाही. त्याच्या बापाच्या वेळेपासून घागर इथेच भरली जाते.

पिण्याचं पाणी मात्र हौदावरचं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून, जमिनीखालून दगडी नळ घालून ते शहरात आणवलं. वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवले, म्हणजे नळातली हवा कोंडत नाही आणि गाळ उपसायला माणूसही उतरू शकतो. हौदाच्या काठावर उभे राहिलात की मैलोन्मैल अंधारातून आलेलं ते पाणी गार लागतं. पुण्याचे पराक्रम सांगताना आपण अटकेपर्यंत जातो. मला या नळाइतका अभिमान फार थोड्या गोष्टींचा वाटतो.

बाजारात चला. कमरेच्या कशात अंकुशी रुपये असू द्या, सुट्ट्याला शिवराया. नारो आप्पाजी खिऱ्यांनी तुळशीच्या बागेत रामाचं देऊळ उभारलं, म्हणून देवळालाही तुळशीबाग म्हणायचं. देवदर्शन आणि सौदा इथे एकाच चकरेत होतात. ही पेठ देवांनासुद्धा मालाच्या नावाने ओळखते. पासोड्या विकणाऱ्यांच्या शेजारचा तो पासोड्या विठोबा, जिलब्यांच्या दुकानांपाशी जिलब्या मारुती. पोथीपुराणांत न सापडणारी ही नावं गिऱ्हाइकांनी खुणेसाठी ठेवली आणि ती देवाला चिकटली.

अंधार पडायच्या आत परता. कोतवाल घाशीराम सावळदास आहे. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडलात तर कोतवाल चावडीतून सुटका सोपी नाही. फळ्या परत खाचेत बसतात. खालचा दुकानदार वर बघून विचारतो, "दिवा लागला का?" तुमच्या खिडकीतला दिवा लागला की तो निर्धास्तपणे कुलूप घालतो. दुकानावर राखण तुमची असते.

पुन्हा दोर धरा.

1848. रस्ता तोच, शनिवारवाड्यातली गादी जाऊन तीस वर्षं झालीत. 1828च्या आगीने वाड्याच्या आतलं सगळं खाल्लं, तट तेवढे उभे आहेत. बेलबागेपासून थोडं पुढे भिड्यांचा वाडा. जोतीराव फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली आहे. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या आहेत. ओट्यांवरची माणसं बोलायची थांबतात. कुणी तरी शेण उचलतं. तुम्ही याच रस्त्यावर राहता, ही माणसं तुमची रोजची आहेत, सकाळी ज्याच्याकडून सुपारी घेतली तोही त्यांत असेल. सावित्रीबाई थांबत नाहीत. शाळेत जाऊन लुगडं बदलायचं, म्हणून दुसरं बरोबर घेतलं आहे. या पेठेवर जीव असणाऱ्याने हे दृश्य बघताना नजर वळवू नये.

1879 वर पाय ठरत नाही. मे महिना, बुधवार वाडा जळतो, विश्रामबागवाड्यालाही आग लागते, आभाळ तांबडं. पुढच्या पायरीवर उतरा.

1897, मार्च. दोर हातात असतानाच कळतं की काही तरी बिघडलंय. खालून आवाजच येत नाही. फळ्या लागलेल्या. चुन्याचा आणि औषधाचा वास. प्लेगच्या भीतीने निम्मी पेठ गावाबाहेर झोपड्यांत गेली आहे. प्लेग-अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे सोल्जर घरं तपासत फिरतात, माजघरात शिरतात, देवघरातसुद्धा. आजारी माणूस सापडला तर इस्पितळात, घरच्यांना वेगळ्या छावणीत. रोग खरा होता, त्याला आवर घालणं गरजेचंच होतं. पण उंबऱ्यावर क्षणभर थांबून विचारायची रीत त्यांना ठाऊक नव्हती. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली, ती गणेशखिंडीच्या वाटेवर.

त्या मार्चमधल्या एका संध्याकाळी खिडकीतून बघा. एकाही माडीवर दिवा नाही. वाडा जळाला तरी दुसऱ्या दिवशी फळ्या निघाल्या होत्या. माणसं गेल्यावर मात्र बाजार मिटला. याच महिन्यात सावित्रीबाई गेल्या, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता.

आता उजेड आहे. 12 जुलै 1961. जिन्यावर धावपळ, दोर ओढून ओढून ताठ झालाय. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. शनिवार, नारायण, कसबा, नदीकडची घरं पाण्यात. तुमच्या माडीवर नात्यातली आणि नात्यात नसलेली माणसं एकत्र बसली आहेत, अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी. खालचा दुकानदार ठाण उघडून जाजमासारखं अंथरतो आणि किंमत लिहायला वही काढत नाही.

पूर ओसरला आणि शहराचे नळ कोरडे पडले, कारण धरणच उरलं नव्हतं. मग वाड्यावाड्यांतले विसरलेले आड उपसायला घेतले. गाळ निघाला, गंजलेल्या बादल्या निघाल्या, कुणाची तरी हरवलेली लोटी निघाली. चौथ्या दिवशी दुकानातला पोरगा चौकात आला, घागर घेऊन.

त्यानंतरची वर्षं भराभर उतरता येतात. 1947च्या भाडेकायद्याने भाडी गोठलेली. मालकाला महिन्याला मिळणाऱ्या रुपयांत गळणारं एक कौल बदलत नाही, भाडेकरूला दुसरीकडे जाणं परवडत नाही. दोघंही खरे, आणि मध्ये वाडा खचत जातो. पांढऱ्या मातीच्या भिंतींना फुगवटा आला की टेकू, मग बिल्डर. चौक, आड, तुळशीवृंदावन यांच्या जागी लिफ्ट आणि पार्किंग.

शेवटची पायरी. आज.

फळ्यांच्या जागी शटर. तुळशीबागेत पितळी समया, भातुकलीची भांडी, बांगड्या, टिकल्यांची पाकिटं, आणि दिवाळीआधीच्या रविवारी पाय न उचलता पुढे नेणारी गर्दी. विसर्जनाच्या दिवशी मानाचे गणपती बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागतात, तेव्हा ढोलाने तुमच्या खिडकीचे गज थरथरतात. जमिनीखालून मेट्रो जाते, मंडईचं स्टेशन 2024 साली सुरू झालं. भिडेवाडा 2023च्या डिसेंबरात पाडला, तिथे स्मारक व्हायचं आहे.

रात्री साडेनऊनंतर मात्र मान वर करून बघा. समोरच्या माडीवर खोकी रचलेली. शेजारच्या माडीवर खोकी. त्याच्या पलीकडे गोदामाचं कुलूप. बाजाराचं भाडं राहत्या घरापेक्षा जास्त येतं, पोरंबाळं कोथरूडला, बाणेरला गेली, आणि हे सगळं समजण्यासारखं आहे. तरी त्या काळ्या खिडक्या बघून मला 1897चा मार्च आठवतो. या वेळी रोग नाही, खाली बाजार तुडुंब भरलेला आहे, आणि वर कुणी नाही.

तुमच्या खिडकीत दिवा आहे. जिन्यावर पावलं वाजतात. खालच्या बांगड्यांच्या दुकानात नवीन लागलेला मुलगा, बिहारकडचा असावा, रिकामी बाटली पुढे करतो. "थोडं पाणी मिळेल का?" मराठी अजून जपून जपून बोलतो. तुम्ही माठातून बाटली भरून देता. तो उलट्या पावली जिन्याकडे वळतो, मोबाइलचा उजेड शोधायला लागतो.

"अरे, उजेड राहू दे," तुम्ही वरून सांगता. "उजवीकडे दोर आहे, तो धर."