'शाबत' : एका क्रियापदाचा इतिहास



कामगारांच्या सभांतून बोलता बोलता ज्याचे केस पिकले, त्याने बायबलातील एका इब्री क्रियापदावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मी पंडित नव्हे. जे थोडे वाचले ते कामावरून परतल्यावर, रात्रीच्या दिव्याखाली. पण हे क्रियापद आमच्याच व्यवहारातले निघाले. ते म्हणजे 'शाबत'.

'शब्बाथ' हा वार याच शब्दाशी जोडला जातो. म्हणून 'शाबत' म्हणजे विसावा घेणे, असे पुष्कळांना वाटते. मूळ अर्थ मात्र थांबणे, बंद होणे असा आहे. जलप्रलयानंतर पेरणी व कापणी, दिवस व रात्र थांबणार नाहीत, असे वचन उत्पत्तीच्या आठव्या अध्यायात आहे. कनान देशाचे धान्य खाल्ल्यावर मान्ना मिळण्याचा थांबला, असे यहोशवाच्या पुस्तकात आहे. दोन्ही ठिकाणी हेच क्रियापद येते. आता रात्र काही दमत नाही! विसाव्यासाठी इब्रीत 'नूअह' हा निराळा शब्द आहे.

हा भेद ध्यानात घेऊन निर्गमाचा पाचवा अध्याय वाचावा. मिसर देशात इस्राएली लोक वेठीने विटा पाडीत होते. रानात जाऊन देवाचा उत्सव करण्यासाठी मोशे व अहरोन यांनी त्यांच्याकरिता रजा मागितली. फारोने त्यांच्यावर आरोप ठेवला, तो याच क्रियापदाने : तुम्ही या लोकांना कामापासून थांबवता! त्याच दिवशी मुकादमांना हुकूम सुटला, की यांना पेंढा देऊ नका, तो यांनीच गोळा करावा. विटांची संख्या मात्र तेवढीच भरली पाहिजे. वर हे लोक आळशी आहेत, असा शेरा. रजेच्या अर्जाला जादा कामाचे उत्तर मिळते, हे मी माझ्या हयातीत अनेकदा पाहिले आहे.

पुढे तोच शब्द कायद्यात येतो. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात घरधन्याला आज्ञा आहे : सातव्या दिवशी तू थांब, म्हणजे तुझा बैल व गाढव विसावा घेतील, तुझ्या दासीचा मुलगा व परदेशी माणूस यांना दम घेता येईल. येथे दोन्ही क्रियापदे शेजारी आहेत. 'शाबत' धन्याने करायचे, 'नूअह' राबणाऱ्या जिवाला मिळायचे. नांगरणी-कापणीच्या घाईतही ही सवलत मोडायची नाही, असे चौतिसावा अध्याय बजावतो. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात तर कारणच सांगितले आहे : तूही मिसरात दास होतास, हे विसरू नकोस.

आपल्या कोकणातही हा शब्द नांदला. तेथील बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. बंद घाण्यावरून एका समाजाला नाव पडले!

आजच्या इब्रीत संपाला 'श्वीता' म्हणतात. तो याच धातूपासून झाला. फारोने ज्या शब्दाने आरोप ठेवला, त्याच धातूतून कामगारांनी आपल्या लढ्याचे नाव घेतले. आजही सातही दिवस राबणाऱ्या कंत्राटी कामगाराने सुटी मागितली, की त्याला कामचुकार म्हणणारे भेटतात. तो शेरा प्रथम कोणी मारला होता, एवढे आपण लक्षात ठेवावे.