१९२ हा आकडा नेमकं काय सांगतो? स्वादुपिंडातल्या सिस्टच्या निदानाची गोष्ट

२०१६ साली स्वादुपिंडाच्या सीरस सिस्टवर एक बहुदेशीय अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण २६२२. ही गाठ जवळजवळ कधीच कर्करोगात बदलत नाही, तरी त्यातल्या ६१ टक्के लोकांची शस्त्रक्रिया झाली होती. आणि हे काही अपेंडिक्स काढण्याइतकं सोपं काम नाही. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात असेल तर लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि बहुतेकदा पित्ताशयही सोबत जातं. एवढी मोठी किंमत का मोजली जाते? कारण बाहेरून साधी गाठ आणि धोक्याची गाठ सारखीच दिसू शकते.

या दोघींना नीट वेगळं केलं ते १९७८ मध्ये, कंपॅग्नो आणि ऑर्टेल या पॅथॉलॉजिस्टनी. एकाच वर्षी दोन लेख. पहिल्यात ३४ गाठी: मधाच्या पोळ्यासारख्या बारीक कप्प्यांच्या, ग्लायकोजनने भरलेल्या, निरुपद्रवी. दुसऱ्यात ४१: चिकट म्यूसिनवाल्या, कर्करोग उघड किंवा लपलेला असणाऱ्या. पण हा फरक कळायचा गाठ कापून काचपट्टीवर घेतल्यावर, म्हणजे ऑपरेशन झाल्यावरच!

ऑपरेशनआधी सिस्टमधलं पाणी काढून पाहता आलं तर? १९९२ मध्ये डेन्मार्कच्या विल्मन यांनी एंडोस्कोपीतून, सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली स्वादुपिंडात सुई घालून दाखवली. पुढे २००४ मध्ये ब्रुगी आणि सहकाऱ्यांनी ३४१ रुग्णांचा अभ्यास मांडला आणि तिथून १९२ हा आकडा आला. पाण्यातलं सीईए प्रति मिलीलिटर १९२ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर सिस्ट म्यूसिनवाली असण्याची शक्यता जास्त, अचूकता ७९ टक्के. इथे दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, हा आकडा म्यूसिन आहे की नाही एवढंच सांगतो. कर्करोग आहे की नाही, हे नाही. दोन, ३४१ पैकी ऑपरेशन झालं ११२ जणांचं, म्हणजे खरं उत्तर तेवढ्यांचंच माहीत होतं. पेपर वाचताना मी आता छेद आधी बघते, टक्केवारी नंतर.

या आकड्याची खरी फजिती करते ती लिम्फोएपिथेलियल सिस्ट. जर्मनीत १९८५ मध्ये पहिलं वर्णन, १९८७ मध्ये हे नाव. दुर्मीळ, बहुतेक पुरुषांत, पूर्ण निरुपद्रवी. पण हिच्या पाण्यात सीईए भरपूर वाढलेलं सापडू शकतं आणि रक्तात सीए १९-९ सुद्धा. सीए १९-९ हा १९७९ मध्ये कोप्रोव्स्की यांच्या गटाला आतड्याच्या कर्करोगपेशींवर काम करताना सापडला, म्हणून त्याला कर्करोगाचा शिक्का बसला. मुळात ती एक साखरेची साखळी आहे. निरोगी पेशीही ती बनवतात, पित्तमार्ग अडला की रक्तात वाढते, आणि लुइस-निगेटिव्ह लोकांत ती बनतच नाही.

२०११ पासून पाण्यातला डीएनए वाचता येऊ लागला: सीरस सिस्टमध्ये व्हीएचएल जनुकातले बदल, आयपीएमएनमध्ये जीएनएएसमधले. मात्र लिम्फोएपिथेलियल सिस्टचा सुगावा आजही साध्या काचपट्टीवर लागतो: केंद्रक नसलेल्या चपट्या पेशी, केरॅटिनचे पापुद्रे आणि भोवती लिम्फोसाइट. सुईत एवढं आलं आणि बघणाऱ्याने ते ओळखलं, तर सीईए हजारात असलं तरी पोट उघडण्याची घाई राहत नाही.