भालजी, जयप्रभा आणि एक न विचारलेला प्रश्न

यंदाच्या स्मरणिकेसाठी "सिनेमावर काहीतरी लिहा" असा संपादक मंडळाचा फोन आला, तेव्हा जनाबियातल्या आमच्या घरी टीव्हीवर 'साधी माणसं' सुरू होता. सुट्टीचा शुक्रवार. शेजारच्या उंटांच्या फार्मकडे पाहुण्यांच्या गाड्या चाललेल्या आणि इकडे पडद्यावर लोहाराचा भाता! मुलानं विचारलं, "बाबा, हा कुणी काढला?" म्हटलं, "आपल्या कोल्हापूरच्या भालजींनी." त्यावर पुढचा प्रश्न आला, "कोण भालजी?" मंडळी, हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर.

भालजी पेंढारकर मूकपटांच्या जमान्यात या धंद्यात आले. त्यांच्या 'वंदे मातरम् आश्रम' या मूकपटात इंग्रजांच्या शिक्षणपद्धतीवर टीका होती, म्हणून सेन्सॉरनं त्यावर पुन्हा पुन्हा कात्री चालवली. १९३२ साली दादासाहेब तोरण्यांच्या सरस्वती सिनेटोनसाठी त्यांनी 'श्यामसुंदर' केला. छोट्या शाहू मोडकांचा तो कृष्ण मुंबईत पंचवीस आठवड्यांच्या वर चालला. पुढे 'नेताजी पालकर', 'थोरातांची कमळा', 'बहिर्जी नाईक' आले. शिवकाळ म्हटला की आमच्या आधीच्या पिढीच्या डोळ्यांपुढे जे उभं राहायचं, ते बरंचसं भालजींनी उभं केलेलं. इतिहासाच्या पुस्तकापेक्षा जास्तच, असं माझं मत आहे. कोल्हापूर सिनेटोनचा स्टुडिओ त्यांच्याकडे आला आणि 'जयप्रभा' या नावानं नांदू लागला.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण असल्याचं कळताच पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं, दुकानं, वाडे पेटले. भालजी ब्राह्मण आणि हिंदुत्ववादी विचारांचे, हे गावाला ठाऊक होतं. जमावानं जयप्रभा जाळला. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती एकदा पेटली की विझवणं जवळजवळ अशक्य, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो; पाण्यात बुडवली तरी ती जळत राहते. 'मीठभाकर' या आगीत गेला. गंमत पाहा, ज्या माणसानं आयुष्यभर मावळ्यांच्या गोष्टी सांगितल्या, त्याचाच स्टुडिओ त्या गोष्टी डोक्यावर घेणाऱ्या गावात जळला. गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही.

भालजी गाव सोडून गेले नाहीत. कर्ज डोक्यावर घेऊन पुन्हा उभे राहिले, 'मीठभाकर' पुन्हा काढला आणि १९४९ साली तो पडद्यावर आला. १९५२ मध्ये 'छत्रपती शिवाजी' आला, त्यात शिवाजी महाराज झाले चंद्रकांत मांडरे. कर्ज काही फिटेना. १९५९ साली जयप्रभा लता मंगेशकरांकडे गेला, पण भालजींचं काम तिथेच चालू राहिलं. लताबाईंनी 'आनंदघन' या नावानं दिलेलं संगीत ज्या चित्रपटांत आहे, ते 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४), 'साधी माणसं' (१९६५) आणि 'तांबडी माती' (१९६९) हे सगळे भालजींचे. 'तांबडी माती'त एक नवा नट होता, त्याचं नाव दादा कोंडके! पुढचं सगळ्यांना माहीत आहेच. १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार भालजींना मिळाला आणि १९९४ साली ते गेले.

जाता जाता इथलं एक सांगतो. आपल्या या बहारीनचा पहिला कथापट 'अल-हाजिझ' १९९० साली आला. कैरोत सिनेमा शिकून आलेल्या बसाम अल-थवादी यांनी तो काढला. तोवर भालजींची या धंद्यात साठाहून अधिक वर्षं झाली होती.

आता घरची गोष्ट. माझे आजोबा कोल्हापुरातले, तालमीतले. भालजींचा प्रत्येक चित्रपट ते पहिल्या आठवड्यात बघायचे आणि जयप्रभावरून जाताना सायकलवरून उतरून चालायचे. आम्हाला वाटे, आदर! अठ्ठेचाळीसचा विषय निघाला की मात्र ते उठून परड्यात जायचे. आजी एकदाच म्हणाली, "त्या दिवशी हे रात्री उशिरा आले, धोतराला धुराचा वास होता." आग विझवायला गेले होते की आणखी कशाला, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता दोघंही नाहीत.

चित्रपट संपला तसा मुलगा म्हणाला, "बाबा, त्यांचा जळालेला पिक्चर लावा ना." म्हटलं, "तो जळला रे, पण त्यांनी तो परत काढला." तो म्हणाला, "मग पहिला कुणी जाळला?" त्याला जमाव म्हणजे काय ते सांगितलं. आजोबांच्या धोतराचं अजून सांगितलेलं नाही.