गरहूद पूल

संयुक्त अरब अमिरातींतील दुबई शहराच्या खाडीवरील, देइरा व बर दुबई या दोन विभागांना जोडणारा रस्त्याचा पूल. देइराच्या बाजूस विमानतळालगत असलेल्या गरहूद या वस्तीवरून त्यास हे नाव पडले. मूळ पूल १९७६ साली रहदारीस खुला झाला. त्याच्या जागी बांधलेला सध्याचा पूल २००८ सालचा आहे.

दुबईची भरभराट ज्या खाडीच्या आश्रयाने झाली, ती मोती काढणाऱ्या गलबतांचा, इराण व हिंदुस्थानातून माल आणणाऱ्या तारवांचा आणि या काठावरून त्या काठावर उतारू नेणाऱ्या ‘अब्रा’ नावाच्या होड्यांचा हमरस्ता असल्यामुळे, तीवर पूल घालताना जमिनीवरील दळणवळणाइतकाच पाण्यावरील दळणवळणाचाही विचार करणे राज्यकर्त्यांस प्राप्त होते. दुबईचे शासक शेख रशीद यांच्या अमदानीत १९६३ साली खुल्या झालेल्या मक्तूम या पहिल्या पुलाचा एक भाग नौकांसाठी उघडता येतो. परंतु तो उघडला असता वरची वाहतूक थांबवावी लागते, म्हणून हे काम रात्री उशिरा उरकतात.

शहराचा विस्तार होऊन जुना गरहूद पूल अपुरा पडू लागला, तेव्हा प्रत्येक दिशेस सात याप्रमाणे चौदा मार्गिकांचा रुंद व अधिक उंच पूल उभारण्यात आला. १ जुलै २००७ पासून ‘सालिक’ हा पथकर ज्या दोन ठिकाणी प्रथम लागू झाला, त्यांपैकी हे एक होय.

पुलाखाली नौकांसाठी पुरेशी उंची राखण्याचा दंडक पुढील बांधकामांतही दिसतो. २०१६ साली खाडी कालव्याने जुमेराच्या समुद्रास जोडली, तेव्हा शेख झायेद हमरस्ता सुमारे आठ मीटर मोकळी उंची ठेवून पुलावर चढविण्यात आला. २०२२ च्या इन्फिनिटी पुलाखाली ही उंची १५.५ मीटर आहे.

हाच प्रश्न मुंबईत लोहमार्गावर उद्भवला. मध्य रेल्वेवरील १८७९ सालचा हँकॉक पूल जीर्ण व ठेंगणा असून २५,००० व्होल्टच्या विद्युततारांस त्याखाली पुरेशी जागा नव्हती, म्हणून तो जानेवारी २०१६ मध्ये पाडावा लागला. सारांश, पुलाचे मोल वरून जाणाऱ्यांच्या सोयीइतकेच खालून जाणाऱ्यांच्या वाटेवरूनही ठरवावे लागते. कारण खालच्याला आपली वाट बदलता येत नाही, पूल मात्र नव्याने बांधता येतो.