ठासणीची रायफल, लहान व्यासाची
नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू व गोळी ठासून उडविण्यात येणाऱ्या आणि नळीत सर्पिल खाचा असणाऱ्या रायफलींपैकी ०·५० इंचाहून (१२·७ मिमी.) कमी व्यासाच्या रायफली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्यांचा विशेष विकास झाला आणि पुढे तेथेच त्यांची बाजारपेठ आक्रसली.

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी यूरोपीय शिकारी रायफलीपेक्षा लांब व लहान व्यासाची नळी प्रचारात आणली. सीमेवरील वसाहतींत शिसे व दारू दुर्मिळ असल्याने ही काटकसर महत्त्वाची होती. एक पौंड (४५४ ग्रॅ.) शिशापासून ०·३६ इंची रायफलीच्या शंभरावर गोळ्या होतात, तर ०·५० इंचीच्या सु. ४० होतात. हाताने घडविलेल्या प्रत्येक नळीचा व्यास थोडाफार वेगळा असल्याने कारागीर रायफलीबरोबर गोळीचा साचाही देई आणि गोळ्या घरीच ओतल्या जात. त्यामुळे व्यास कोणताही असला, तरी गोळीसाठी बाजारावर अवलंबून राहावे लागत नसे. पश्चिमेकडील रानरेडे व अस्वले यांच्या शिकारीसाठी मात्र सेंट लूइस येथील हॉकेन बंधूंच्या मोठ्या व्यासाच्या रायफली पसंत केल्या जात. यादवी युद्धानंतर (१८६१–६५) काडतुसी बंदुकांचा प्रसार होऊन ठासणीच्या रायफली मागे पडल्या.

या रायफलींच्या हौशी नेमबाजांची राष्ट्रीय संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली. पुढे अनेक राज्यांनी ठासणीच्या बंदुकांसाठी शिकारीचा स्वतंत्र हंगाम ठेवला. पेनसिल्व्हेनियात तो १९७४ मध्ये गारगोटीच्या चापाच्या बंदुकांसाठी सुरू झाला. मात्र हलकी गोळी मोठ्या जनावराला केवळ जखमी करण्याचा संभव अधिक असल्याने राज्यांनी व्यासाची किमान मर्यादा घातली. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी ती ०·४४ इंच, तर कोलोरॅडोत हरणासाठी ०·४० व एल्कसाठी ०·५० इंच आहे. साहजिकच एकच रायफल घेणारा शिकारी ०·५० इंचीकडे वळला. ०·३२ व ०·३६ इंची रायफली मुख्यतः खारी, ससे व निशाणबाजी यांपुरत्या उरल्या.

गोळ्यांमुळे ही विषमता आणखी वाढली. १९८५ मध्ये नाइट यांची सरळ रेषेत ठिणगी देणारी आधुनिक रायफल आली आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनातील गोळ्यांचा प्रसार झाला. या वेष्टनामुळे ०·५० इंची नळीत ०·४४ व ०·४५ इंची पिस्तुलांच्या सर्वत्र मिळणाऱ्या गोळ्या वापरता येतात. ०·४५ इंची नळीला तशा गोळ्या कमी उपलब्ध असतात, तर त्याहून लहान नळ्यांसाठी मुख्यतः शिशाची गोल गोळीच मिळते. शिवाय गोल गोळीसाठी केलेल्या मंद पिळाच्या खाचा लांबट गोळीला पुरेसे स्थैर्य देत नाहीत. ग्राहक थोडे म्हणून दुकानदार माल ठेवत नाहीत आणि माल नाही म्हणून नवे ग्राहक येत नाहीत.

सारांश, शिशाच्या टंचाईत जो लहान व्यास गुण ठरला, तोच कारखानी गोळीच्या बाजारात अडचण ठरला. त्यामुळे अशा रायफलीच्या अनेक मालकांना आजही जुन्या वसाहतकऱ्यांप्रमाणे साचा घेऊन गोळ्या घरीच ओताव्या लागतात.