परसबाग : कालची आणि आजची

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काही लिहावे एवढी माझी योग्यता नाही. सातवीपर्यंत शिकलेली मी एक संसारी बाई. परंतु आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "हळदीकुंकवाला परसातल्या भाजीबद्दल इतके बोलता, तेच कागदावर उतरवा." तेव्हा धीर करून चार ओळी लिहीत आहे. चुकलेमाकले भगिनींनी सांभाळून घ्यावे.

परसबाग हा विषय तसा साधा. मोरीचे पाणी जाते तिथे अळू लावावे, कुंपणावर दोडका-कारले चढवावे, कढीपत्त्याचे एक झाड असावे, एवढा त्याचा विस्तार. पुस्तकांतून राजेरजवाड्यांच्या बागांची वर्णने असतात; बायकांच्या परसाची नोंद क्वचितच कोणी ठेवली. तरीसुद्धा त्यालाही इतिहास आहेच.

आपण जिला घरची भाजी म्हणतो, तिच्यात परदेशी पाहुणे पुष्कळ आहेत. मिरची, बटाटा, टोमॅटो, लाल भोपळा ही सारी मुळात अमेरिका खंडातली. 1498 साली वास्को द गामा कालिकतला उतरला, 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या देशात आली. त्यापूर्वी तिखटासाठी मिरे आणि पिंपळी वापरीत. वांगे, काकडी, दोडका, वाल हे मात्र इथले फार जुने रहिवासी. हे बी या गावाहून त्या गावी कसे गेले असेल? मला वाटते, माहेराहून सासरी येणाऱ्या बायकांनीच ते पदराच्या गाठीला बांधून नेले असावे. माझ्या घरी तरी तसेच घडले आहे. ती हकीकत पुढे येईलच.

सरकारला परसबागेची आठवण टंचाईत होते. 1942 साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. 1943 साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडून लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्याच वर्षी मुंबईत धान्याचे रेशन सुरू झाले. "अधिक धान्य पिकवा" अशी मोहीम सरकारने काढली ती याच दिवसांत. स्वातंत्र्य मिळाले तरी धान्याची ओढ सुटली नव्हती. 1950 साली कन्हैयालाल मुनशी अन्नमंत्री झाले आणि त्यांनी वनमहोत्सव सुरू केला. त्यांच्या पत्नी लीलावतीबाई यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा नावाची उपाहारगृहे निघाली. तिथे गहू-तांदूळ न वापरता केलेले पदार्थ मिळत.

पुढे 1965 साली पावसाने दगा दिला आणि त्यात पाकिस्तानशी युद्ध झाले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी दिल्लीत आपल्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर चालवला आणि सोमवारचे संध्याकाळचे जेवण सोडण्याची विनंती देशाला केली. ती पुष्कळांनी मनोभावे पाळली. पण पाऊस चांगला झाला, दुकानात धान्य दिसू लागले, की कुंड्या आणि वाफे पुन्हा ओस पडतात. 2020 साली करोनाच्या टाळेबंदीतही आपण हेच पाहिले. तेव्हा गच्चीगच्चीवर मेथी-कोथिंबीर हिरवीगार होती. आज त्यांतल्या किती कुंड्यांत माती तरी शिल्लक आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

हे दुसऱ्यांना सांगण्याचा मला अधिकार नाही, कारण माझी स्वतःची चूक याहून मोठी आहे.

आमच्या आजेसासूबाईंच्या परसात वालाचा एक वेल असे. शेंग रुंद, कडेला जांभळी रेघ, आणि दाणा काळा. त्याच्या भाजीला गुळाचा खडा लागत नसे, इतकी ती मुळात गोड. 1972 च्या दुष्काळात विहीर आटली. माणसे खडी फोडायला जात, आणि घरात परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी होत. तेव्हा सासूबाई सतरा वर्षांच्या, नव्याने लग्न होऊन आलेल्या. त्या सांगतात, राखेने घासलेल्या भांड्यांचे पाणी आजेसासूबाई घमेल्यात साठवीत आणि वाटीवाटीने त्या वेलाला घालीत. वेल जगला. शेंगा थोड्या आल्या, तरी त्यांनी एकही शिजवू दिली नाही. सारे बी राखेत घोळून गाडग्यात भरले आणि तोंडाला फडके बांधले.

दुष्काळातून वाचलेले ते बी माझ्या हातून गेले. 2008 साली आम्ही घर वाढवले, परस निम्मे झाले. गाडगे माळ्यावर राहिले. चार वर्षांनी उघडून पाहते तो प्रत्येक दाण्याला भोक, आणि तळाशी पीठ. मी म्हटले, त्यात काय मोठे, दुकानात पाकिटे मिळतात. आणली, लावली, शेंगाही भरपूर आल्या. सासूबाईंनी जेवताना एवढेच म्हटले, "चांगली आहे, पण ही ती नव्हे."

दोडक्याचे पाकीट संकरित बियाण्याचे होते. त्याचे बी धरून पुढच्या वर्षी लावले, तर एका वेलाला लांब दोडके, दुसऱ्याला आखूड, तिसऱ्याला कडू. संकरित बियाण्याची पुढची पिढी मूळ झाडासारखी येत नाही, हे मला तेव्हा कळले. विकतचे सगळेच बियाणे असे असते, असेही नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची "परभणी क्रांती" भेंडी सरळ वाणाची असल्यामुळे तिचे बी घरी धरता येते, आणि ती केवड्या रोगालाही दाद देत नाही. घेताना विचारून घ्यावे, एवढेच.

2023 च्या उन्हाळ्यात आतेसासूबाईंच्या गावी लग्नाला गेले होते. त्यांच्या गोठ्याच्या छपरावर वाळका वेल दिसला. एक वाळकी शेंग फोडली आणि आत काळा दाणा! लग्न होऊन गेल्या तेव्हा त्यांच्या आईने, म्हणजे आमच्या आजेसासूबाईंनीच, ते बी त्यांना दिले होते. त्यांनी अकरा दाणे माझ्या रुमालाच्या गाठीत बांधले आणि म्हणाल्या, "आईचेच आहे. परत ने."

त्या वर्षीचा हंगाम भगिनींना आठवत असेल. मृग कोरडा गेला, मुंबईतसुद्धा मान्सून 25 जूनला पोहोचला. मी जुलैच्या आरंभी पेरले. अकरापैकी सात उगवले. दोन गोगलगायींनी रातोरात फस्त केले. मग ऑगस्ट आला. 1901 पासून नोंदी आहेत, त्यांत देशभर इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आमच्या नळाला तिसऱ्या दिवशी पाणी. भांड्यांचे पाणी घालावे तर आता राख कुठे, सगळी साबणाची पूड. शेवटी तांदूळ-डाळ धुतलेले आणि भाजी धुतलेले पाणी साठवले, बुडाशी वाळक्या पाल्याचा थर दिला. एक वेल तरीही वाळला.

बाकीच्या वाफ्यांचा हिशेबही खरा तोच सांगते. बाजारची भेंडी केवड्याने पिवळी पडली, उपटून टाकली. दोडक्याला फळमाशी लागली. किडके दोडके वेचून खोल पुरत राहिले तेव्हा निम्मे हाती लागले. गवारीने मात्र कोरड्यातही साथ दिली, आणि कारली इतकी आली की मुलांनी हात जोडले.

वालाला दसऱ्यानंतर, दिवस लहान झाले तेव्हा फुले आली. मग मावा आला. रोज सकाळी बोटांनी चिरडायचा आणि पाण्याने धुवायचा. एक वेल गेलाच. उरले तीन.

पहिल्या शेंगा भरल्या तेव्हा मी टोपली घेऊन निघाले, तो सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "हात लावू नकोस! पहिल्या शेंगा बियाला." मी म्हटले, "आई, तुमच्यासाठीच करते आहे." त्या म्हणाल्या, "मी पुढच्या वर्षी खाईन." त्यांचे हृदयाचे दुखणे मला ठाऊक, औषधांची पुडकी मीच आणते. पुढच्या वर्षीचा भरवसा मला वाटेना. दोन दिवस मनाशी भांडले. मग भिंतीकडच्या, मावा लागलेल्या वेलाच्या शेंगा गुपचूप तोडून भाजी केली. त्यांनी सावकाश सगळी खाल्ली. "मीठ कमी आहे," म्हणाल्या. थोड्या वेळाने विचारले, "कुठल्या वेलाची?" मी सांगितले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. फक्त वाटी पुढे केली.

उरलेल्या दोन वेलांचे बी माघात निघाले, चांगले चिपटेभर. राख शेजारच्या काकूंच्या बंबातून मागून आणली.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण गावरान बियाणे जमवून त्यांनी बीजबँक उभी केली. वालाचे कितीतरी प्रकार त्यांनी राखले आहेत. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याएवढे काम माझ्याने होणार नाही. पण एकाच गाडग्यात ठेवलेले बी एका चुकीने जाते आणि लेकीला दिलेले बी पन्नास वर्षांनी परत मिळते, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून वर्धापनदिनाच्या दिवशी हळदीकुंकवाच्या टेबलाशेजारी मी पाच-पाच दाण्यांच्या पुड्या ठेवणार आहे. सासूबाईंनी स्वतः बसून बांधल्या आहेत. त्यांची अट आहे, पाच न्यावे आणि पुढल्या वर्षी दहा परत आणावे. कुंडी असली तरी चालेल, दोरी मात्र वर चढवावी लागेल. पहिल्या शेंगा बियाला ठेवाव्यात. अगदीच राहवले नाही तर एका वेलाच्या खाव्यात, आणि मीठ बेताचे घालावे.